ड्रग्जचे आरोपी एका रात्रीत पकडले जातात, मग तपासाला महिनोन्‌महिने का लागतात?

टेबलावर ओळीने मांडलेली पाकिटं, मागे उभं पोलीस पथक, मधोमध तोंडावर काळा कपडा घातलेला आरोपी आणि खाली कॅप्शन, 'इतक्या लाखांचा माल जप्त'. हा फोटो तुमच्याही तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. दोन दिवस तो फिरतो आणि नंतर सगळं शांत होतं. सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "त्या केसचं पुढं काय झालं रे?" खाली कमेंट येते, "सेटिंग झाली असणार."

सेटिंग होतच नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ड्रग्जच्या केसमधला वेळ जातो कुठे, हे समजून घेतलं तर कुठला उशीर कायद्याने घालून दिलेल्या पायऱ्यांमुळे आहे आणि कुठल्या उशिरावर प्रश्न विचारायलाच हवेत, हे ओळखता येतं. जुन्नर आणि आंबेगावातल्या वाचकांसाठी हा विषय लांबचाही नाही.

जुन्नर-आंबेगावचा संबंध काय?

आधी नकाशा बघू. पुणे-नाशिक महामार्ग चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा जातो. आळेफाट्याला त्याला कल्याण-अहिल्यानगर रस्ता छेदतो. म्हणजे मुंबई, पुणे, नाशिक आणि मराठवाडा या चारही दिशांची वाहतूक जुन्नर तालुक्यातल्या एका चौकात एकत्र येते. त्यातच नारायणगावचा टोमॅटो, मंचरची तरकारी, ओतूर-आळेफाट्याचा कांदा. रात्रभर मालाच्या गाड्या सुरूच असतात.

आता याच रस्त्याच्या दोन टोकांना काय घडलं ते बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडलं. यालाच आपण एमडी म्हणतो. तपास रांजणगाव एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत गेला. याच प्रकरणातला एक आरोपी म्हणजे ललित पाटील. अटकेत असताना तो उपचारासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात होता आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथून पळाला. त्याच महिन्यात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीच्या कारखान्यावर छापा टाकला. जप्त मालाची किंमत पोलिसांनी सुमारे ३०० कोटी रुपये सांगितली. शिंदे गाव नाशिक-पुणे महामार्गावरच आहे.

या मालाची वाहतूक जुन्नर-आंबेगावातून झाली, असा याचा अर्थ नाही. पण साकीनाक्याचा तपास ऑगस्टमध्ये अगदी थोड्या ग्रॅमच्या जप्तीपासून सुरू झाला होता. एका पुडीपासून कारखान्यापर्यंत पोचायला जवळपास दोन महिने लागले. मधल्या काळात बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? काहीच नाही. तपास लांबतो तो अनेकदा असा.

आधी हे बघा, माल किती आहे?

ड्रग्जच्या केसेस अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखाली चालतात. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. या कायद्यात सगळं वजनावर ठरतं. अल्प प्रमाण, व्यावसायिक प्रमाण आणि या दोन्हींच्या मधलं प्रमाण, असे तीन गट आहेत.

- गांजा : १ किलोपर्यंत अल्प, २० किलोपासून व्यावसायिक
- चरस : १०० ग्रॅमपर्यंत अल्प, १ किलोपासून व्यावसायिक
- हेरॉईन : ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमपासून व्यावसायिक
- एमडी : २ ग्रॅमपर्यंत अल्प, ५० ग्रॅमपासून व्यावसायिक

गांजा अल्प प्रमाणात सापडला तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. मधल्या प्रमाणात १० वर्षांपर्यंत. व्यावसायिक प्रमाण असेल तर कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड. काट्यावरच्या आकड्याने माणसाचं आयुष्य बदलत असेल, तर त्या आकड्यापर्यंत पोचण्याची प्रत्येक पायरी कोर्ट तपासणारच. पोलिसांची खरी कसरत इथून सुरू होते.

धाड टाकतानाच अर्धी केस ठरते

समजा, आळेफाट्याजवळच्या एका गोदामात गांजा उतरणार असल्याची बातमी पोलिसांना मिळाली. सिनेमात जीप लगेच सुटते. इथे आधी कागद लागतो.

कलम ४२ नुसार, मिळालेली बातमी लिहून काढायची आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांना पाठवायची. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटशिवाय घरात किंवा गोदामात शिरायचं असेल, तर वॉरंटसाठी थांबणं का शक्य नव्हतं, याची कारणं नोंदवायची.

कलम ५० नुसार, एखाद्याच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर 'तुला राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झडती देण्याचा हक्क आहे' हे त्याला आधी सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी १९९९ आणि २०१० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. हा नियम अंगझडतीला लागू आहे, हातातल्या पिशवीला नाही. आता एकाच माणसाच्या खिशात पुडी आणि हातात पिशवी असेल, तर कुठल्या झडतीला कुठला नियम लागतो, यावर कोर्टात तासन्‌तास वाद होतो.

त्यात दोन पंच पाहिजेत. वजनकाटा पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण पाहिजे. सील पाहिजे. अटक आणि जप्तीचा सविस्तर अहवाल ४८ तासांत वरिष्ठांकडे गेला पाहिजे.

आता गावाकडची अडचण. पंच व्हायला कोण तयार होतं? आज सही केली की पुढे काही वर्षांनी कोर्टाची तारीख येणार. रोजगार बुडवून जायचं आणि आरोपी बसलाय त्याच खोलीत साक्ष द्यायची. त्यात आरोपी शेजारच्या वाडीतला असेल तर विचारायलाच नको. पंच फितूर होतात त्यामागे दर वेळी पैसेच असतात असं नाही. कधी कधी नुसती भीती असते.

पांढरी पावडर म्हणजे ड्रग्जच, हे कोण सांगणार?

पोलीस फक्त 'एमडीसदृश पदार्थ' असं म्हणू शकतात. बातम्यांमध्ये हा 'सदृश' शब्द दिसतो तो उगाच नाही. तो पदार्थ नेमका काय आहे, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळाच सांगू शकते. पोलिसांच्या बोलीत याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात.

पण नमुना थेट प्रयोगशाळेत जात नाही. कलम ५२अ नुसार जप्त मालाची यादी करायची, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, त्यांच्यासमोर नमुने काढायचे, फोटो घ्यायचे आणि त्यांचं प्रमाणपत्र घ्यायचं. २०१६ च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर जोर दिला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने यासाठी स्वतंत्र नियमच आणले. गांजा-चरसचा नमुना २४ ग्रॅमचा, इतर बहुतेक पदार्थांचा ५ ग्रॅमचा आणि तोही दोन प्रतींत. शंभर पाकिटं सापडली तर त्यांचे गट करायचे, प्रत्येकावर क्रमांक टाकायचा आणि हे सगळं कागदावर आणायचं.

जुन्नर-आंबेगावच्या पोलिसांसाठी जवळची प्रादेशिक प्रयोगशाळा पुण्यात आहे. जुन्नरपासून पुणं नव्वदेक किलोमीटर. अंतर फार नाही, रांग मोठी आहे. खून, बलात्कार, विषबाधा, दारू, व्हिसेरा, सगळ्यांचे नमुने अशाच प्रयोगशाळांत येतात. ड्रग्जच्या नमुन्याचा अहवाल १५ दिवसांत द्यावा, आणि पदार्थाचं नेमकं प्रमाण काढायला जास्त वेळ लागणार असेल तर तो पदार्थ कोणता एवढं तरी १५ दिवसांत कळवावं, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात अहवालासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागल्याच्या तक्रारी देशभरातल्या कोर्टांपुढे येत असतात.

या अहवालावर किती अवलंबून असतं, याचं एक उदाहरण केरळमधलं आहे. २०२३ मध्ये तिथे एका महिलेला एलएसडीचे स्टॅम्प सापडल्याच्या आरोपावरून अटक झाली. तिला ७२ दिवस तुरुंगात काढावे लागले. रासायनिक तपासणीत निष्पन्न झालं की ते एलएसडी नव्हतंच. तेव्हा 'रिपोर्टची काय गरज, पोलिसांनी पकडलंय ना' असं म्हणण्याआधी हे ७२ दिवस आठवावेत.

उसातल्या गांजाचं वेगळंच गणित

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ऊस, तूर किंवा इतर उंच पिकाच्या आडोशाने गांजा लावल्याच्या केसेस वरचेवर समोर येतात. पोलीस झाडं उपटतात, मोळ्या बांधतात, वजन करतात. बातमी येते, 'इतके किलो गांजा जप्त'.

पण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायच्या नुसत्या बिया आणि पानं त्यात मोजली जात नाहीत. मग मुळं, माती, ओली खोडं यांच्यासकट केलेलं वजन धरायचं की नाही? २५ किलोच्या मोळीतून खोडं काढली आणि शेंडे ६ किलोच भरले, तर केस व्यावसायिक प्रमाणातून थेट मधल्या गटात येते. झाडं वाळली की वजन आणखी घटतं.

शिवाय शेत कुणाचं हा प्रश्न आहेच. सातबारावर चार भावांची नावं, कसणारा वाटेकरी पाचवा आणि झाडं बांधावर. नाव सातबाऱ्यावर आहे एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. झाडं कुणी लावली, त्यांना पाणी कोण देत होतं, त्याला हे माहीत होतं का, हे दाखवावं लागतं. त्यासाठी महसूल खात्याची कागदपत्रं, मोजणी, शेजाऱ्यांचे जबाब हे सगळं आलं.

पकडलेला बोलला, पण त्याने भागत नाही

"आरोपीने कबुली दिली" ही बातमी आपण वाचतो आणि केस संपली असं समजतो. पण पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरला जात नाही. एनसीबीसारख्या यंत्रणांच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेले जबाब बरीच वर्षं वापरले जात होते. २९ ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेही थांबवलं.

म्हणजे पकडलेल्या पोराने 'माल अमक्याने दिला' असं सांगितलं, तर त्या अमक्याविरुद्ध स्वतंत्र पुरावा उभा करावा लागतो. दोघांचे कॉल रेकॉर्ड मोबाईल कंपनीकडून मागवायचे. सिम तिसऱ्याच्याच नावावर निघतं. पैसे यूपीआयने गेले असतील तर बँकेशी पत्रव्यवहार. मोबाईलमधले डिलीट केलेले चॅट काढायला पुन्हा प्रयोगशाळा. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली, मालक तिसऱ्या राज्यातला. प्रत्येक ठिकाणी पथक पाठवायचं आणि तिथल्या पोलिसांची मदत घ्यायची.

फेब्रुवारी २०२४ मधलं पुण्याचं प्रकरण आठवा. पुणे शहरातल्या छोट्या जप्तीपासून सुरुवात झाली. धागा विश्रांतवाडीचं गोदाम, दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना आणि तिथून थेट दिल्लीपर्यंत गेला. १,७०० किलोहून जास्त एमडी आणि साडेतीन हजार कोटींहून जास्त किंमत, असे आकडे पोलिसांनी दिले. पुढे हा तपास एनसीबीकडे गेला. जप्ती काही दिवसांत झाली. पण पैसा कुणाचा, कच्चा माल कुठून आला, माल कुठे जाणार होता, याची उत्तरं शोधायला किती काळ लागतो याचा अंदाज यावरून येईल.

इथे एक विचित्र पेच आहे. पुडी विकणाऱ्या पोरावर लगेच चार्जशीट टाकली तर तपास 'वेगात' झाला असं दिसतं, पण पुरवठा करणारा सुटतो. वरपर्यंत जायचं ठरवलं तर वेळ लागतो आणि लोक म्हणतात, केस दाबली.

मनुष्यबळाचं काय?

जुन्नर तालुक्यात जुन्नर, नारायणगाव, ओतूर आणि आळेफाटा, तर आंबेगावात मंचर, घोडेगाव आणि पारगाव अशी पोलीस ठाणी आहेत. सगळी पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतात. मोठ्या कारवाईत स्थानिक गुन्हे शाखेची म्हणजे एलसीबीची मदत मिळते. पण रोजचा तपास ठाण्यातल्याच एखाद्या अधिकाऱ्याकडे असतो.

याच अधिकाऱ्याकडे अपघात, चोऱ्या, भावकीतली भांडणं असतात. १९ फेब्रुवारीला शिवनेरीचा बंदोबस्त. श्रावणात भीमाशंकरची गर्दी. बिबट्याचा हल्ला झाला की रास्ता रोको आणि जमाव आवरायला तोच. मध्येच निवडणूक लागते. त्यात बदली झाली तर नवीन अधिकारी फाईल पहिल्या पानापासून वाचतो.

राज्य सरकारने अंमली पदार्थविरोधी टास्क फोर्स स्थापन केला आहे. पण तालुक्याच्या पातळीवर फक्त हेच काम करणारा प्रशिक्षित माणूस आणि प्रयोगशाळेतलं पुरेसं मनुष्यबळ जोपर्यंत मिळत नाही, तोपर्यंत मूळ अडचण राहते. या ठिकाणी होणारा उशीर कायद्याने आणलेला नाही, तो व्यवस्थेचा आहे. प्रश्न विचारायचे ते इथे.

मग पोलिसांना मुदत नाही का?

आहे. आरोपी अटकेत असेल तर घड्याळ सुरू होतं. छोट्या प्रमाणाच्या केसमध्ये साधारण ६० दिवसांत चार्जशीट दाखल करावी लागते. व्यावसायिक प्रमाण असेल तर १८० दिवस मिळतात. त्यातही तपास पूर्ण झाला नाही तर सरकारी वकिलांनी प्रगती आणि कारणं सांगणारा अहवाल दिल्यावर विशेष न्यायालय ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकतं. नुसतं 'वेळ पाहिजे' म्हणून चालत नाही.

मुदत चुकली तर आरोपीला डिफॉल्ट जामीन मागता येतो. तो त्याचा हक्क आहे. म्हणून 'इतका माल सापडला तरी जामीन कसा?' असा प्रश्न पडला तर आधी तारखा बघा. कधी कधी उत्तर तिथेच असतं. सीए रिपोर्ट न जोडता दाखल केलेली चार्जशीट पूर्ण मानायची की अपूर्ण, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी मतं दिली आहेत.

एरवी व्यावसायिक प्रमाणाच्या केसमध्ये जामीन फार अवघड. कलम ३७ नुसार, आरोपी दोषी नसावा आणि बाहेर आल्यावर गुन्हा करणार नाही, असं मानायला वाजवी कारण आहे हे कोर्टाला पटावं लागतं. पण खटला अवाजवी रखडला तर त्या कारणावरून जामीन देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे.

नियम चुकला की आरोपी सुटतोच का?

दर वेळी नाही. २०२३ मध्ये नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न काढल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीची शिक्षा रद्द केली होती. पण जानेवारी २०२५ च्या भारत आंबाळे निकालात कोर्टाने स्पष्ट केलं की, कलम ५२अ ची चूक एवढ्यावरच केस संपत नाही. बाकीचा पुरावा भक्कम असेल तर शिक्षा होऊ शकते. म्हणजे घाईत केलेला पंचनामा ही आरोपीची लॉटरी नाही, पण पोलिसांसाठी मोठी जोखीम नक्कीच आहे.

आपण काय करू शकतो?

चोरीच्या केसमध्ये ज्याची चोरी झाली तो ठाण्यात हेलपाटे मारतो. ड्रग्जच्या केसमध्ये फिर्यादी बहुतेक वेळा पोलीसच असतात. त्यामुळे बाहेरून पाठपुरावा करणारं कुणी नसतं आणि उशीर कुणाला दिसतही नाही. ही जागा गावाने, पत्रकारांनी आणि ग्रामसभेने भरायची असते.

- एफआयआरचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. संवेदनशील नसलेल्या एफआयआर पोलिसांच्या वेबसाईटवर टाकल्या जातात.
- चार्जशीट दाखल झाली की ई-कोर्ट्सच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर एफआयआर क्रमांकावरून केस शोधता येते. पुढची तारीख तिथे दिसते.
- 'केस दाबली का?' यापेक्षा 'नमुने कधी पाठवले, रिपोर्ट आला का, चार्जशीटची मुदत कधी संपते?' असं विचारा. तपास सुरू असताना पोलीस सगळं सांगणार नाहीत, पण या प्रश्नांना टाळणं अवघड असतं.
- माहिती द्यायची असेल तर एनसीबीची 'मानस' हेल्पलाईन १९३३ आहे. तातडीच्या वेळी ११२.
- घरातलंच कुणी व्यसनात अडकलं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर बोला. अल्प प्रमाणात किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर कलम ६४अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार पूर्ण करावे लागतात. पोलिसांच्या भीतीने पोराला लपवून ठेवणाऱ्या आईबापांना ही तरतूद माहीत असायला हवी.
- खात्री नसताना पकडलेल्या माणसाचा फोटो 'ड्रग माफिया' म्हणून फॉरवर्ड करू नका. त्याचा रिपोर्ट अजून यायचा असतो.

थोडक्यात सांगायचं तर, माल पकडणं हे एका रात्रीचं काम असू शकतं. तो माल ड्रग्जच होता, इतकाच होता, याच माणसाचा होता आणि मधे कुणी पुडी बदलली नाही, हे सगळं सिद्ध करायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्यायलाच हवा, कारण चुकून पकडलेला माणूसही त्याच वेळेच्या आधाराने सुटतो. पण नमुना कपाटात पडून राहणं, रिपोर्टची रांग, अधिकाऱ्याची बदली, यात गेलेला वेळ कुणाच्याच भल्याचा नाही. त्या काळात एखादा निर्दोष आत असतो आणि पुरवठा करणारा दुसरी गाडी भरत असतो. पुढच्या वेळी ग्रुपवर तो टेबलावरच्या पाकिटांचा फोटो आला, की तारीख लिहून ठेवा आणि ६० किंवा १८० दिवसांनी पुन्हा विचारा, "त्या केसचं काय झालं?"